जळकोटची दहा मिनिटं

सोलापूरहून उमरग्याला जाणारी मोटार जळकोटला दहा मिनिटं थांबणार, असं एकोणीसशे अठ्ठावन्न साली ठरलं आणि गावातल्या दोन माणसांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एक अंबादासराव, दुसऱ्या धुरपदाबाई.

अंबादासराव मूळचे तुळजापूरचे. भाऊबंद सगळे पूजेअर्चेत. हे मात्र निजामाच्या काळात तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं, की साहेब लोक कागद वाचायच्या आधी थोडा वेळ नुसता बघत बसायचे, असं ते स्वतःच सांगत. मग निजाम गेला, हळूहळू कचेरीतलं उर्दूही गेलं आणि पन्नाशीच्या अंबादासरावांना मराठी मसुदे नव्यानं शिकायला सांगण्यात आलं. त्यांनी राजीनामा दिला. तोही उर्दूत. तो वाचू शकणारा माणूस कचेरीत एकटे तेच होते, म्हणून त्यांनी तो वरिष्ठांना स्वतःच वाचून दाखवला आणि घरी आले.

जळकोटला सडकेच्या कडेला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. तिथं त्यांनी उपाहारगृह काढलं. बाकडी आणली, टेबलं आणली, कपबशा आणल्या आणि भिंतीवर नियमांची पाटी लावली. मोठ्याने बोलू नये. बशीतून पिताना आवाज करू नये. कारणाशिवाय बसू नये. गावातली माणसं हॉटेलात मुळात कारणाशिवाय बसायलाच येत असल्यामुळं ती येईनाशी झाली. आतल्या चुलीवर त्यांची पत्नी शामलाबाई चहा करायची आणि सुशीला करायची. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि दाण्याचं कूट लावून केलेली तिची सुशीला अशी व्हायची, की एकदा खाल्लेला माणूस पाटीवरचे नियम पाळायलासुद्धा तयार व्हायचा. पण एकदा यायला तर पाहिजे.

धुरपदाबाईंचं तसं नव्हतं. त्यांच्याकडं ना पाटी होती ना बाकडं. सडकेवर डांबर पडत होतं तेव्हा मजुरांना भाकरी लागायच्या, म्हणून त्यांनी शेताच्या बांधाला चूल मांडली. डांबर पुढं गेलं, मजूर पुढं गेले, चूल तिथंच राहिली. मग नवऱ्यानं, रामकिसननं, तिच्यावर छप्पर घातलं. रामकिसन फारसं बोलत नसे. बायको दोघांपुरतं बोलते, असं तो एकदा बोलला होता. ज्वारीची पातळ भाकरी, येसर मसाला घातलेली आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीची भजी, एवढंच तिथं मिळायचं. गाडीवान, शेळ्या विकायला निघालेले, अणदूरच्या खंडोबाला चाललेले, असे लोक यायचे.

गावाच्या मधोमध सडकेला एक चढ होता. चढाच्या माथ्यावर चिंचेचं झाड. झाडाच्या अलीकडं दीडशे पावलांवर अंबादासरावांचं उपाहारगृह, पलीकडं दीडशे पावलांवर धुरपदाबाईंचं छप्पर. मोटार आपल्याच दारात थांबणार, याची दोघांनाही खात्री होती. पहिल्या दिवशी अंबादासराव काळी टोपी घालून पायरीवर उभे राहिले. धुरपदाबाईंनी छपराच्या पुढं सडा टाकला. मोटार आली, उपाहारगृहापुढनं गेली, चढ चढली आणि बरोबर चिंचेखाली उभी राहिली.

ड्रायव्हर हिंमतराव हा धिप्पाड, मिशाळ, कमी बोलणारा माणूस. तो खाली उतरला नाही. कंडक्टर शरणबसप्पानं दहा मिनिटं म्हणून ओरडून सांगितलं आणि उतारू दोन्हीकडं बघत उभे राहिले. निम्मे इकडं गेले, निम्मे तिकडं. परतीची मोटार दुपारी उमरग्याहून आली, तीही तिथंच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

अंबादासरावांनी याचा अर्थ लावला. ड्रायव्हर दोन्ही बाजू तोलून बघतोय. कचेरीत मामला असाच मधे पडून असायचा आणि ज्याची बाजू भक्कम त्याच्याकडं झुकायचा. तेव्हा बाजू भक्कम करणं आलं. धुरपदाबाईंना कचेरीची माहिती नव्हती, पण बैल कुठल्या वैरणीला तोंड लावतो ते बघून मगच दावणीत काय टाकायचं ते ठरवतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनीही तोच अर्थ लावला.

चौथ्या दिवशी अंबादासराव स्वतः तबकात कपबशी घेऊन चढ चढून गेले. हिंमतरावानं हात जोडले आणि नको म्हणून मान हलवली. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं रामकिसन पानावर भजी घेऊन आला. त्यालाही तसेच हात जोडले. दोघं आपापल्या वाटेनं परत गेले आणि दोन्ही चुलींपुढं त्या दिवशी गंभीर चर्चा झाली.

अंबादासरावांच्या मते दोष दुधात होता. त्यांनी गावातल्या सिद्रामप्पाच्या म्हशीचं दूध लावलं, घट्ट आणि धारोष्ण. हिंमतरावानं हात जोडले. मग आलं घातलं. हात जोडले. मग चहाची पूड सोलापूरहून मागवली, कपबशा राखेनं घासून, उन्हात वाळवून घेतल्या, वेलदोडा घातला. हात जोडलेलेच. पलीकडं धुरपदाबाईंनी भज्यांसाठी घाणीवरचं ताजं तेल आणायला सुरुवात केली, डाळ घरी जात्यावर दळली, मिरची कमी केली, ओवा वाढवला. हिंमतराव दर खेपेला तेवढ्याच नम्रपणे नको म्हणायचा. त्याचं नको ऐकून दोघं आणखी कंबर कसायचे.

या सगळ्यात मजा झाली ती उतारूंची. दोन महिन्यांत जळकोटचा चहा असा झाला, की सोलापुरात मोटारीत बसतानाच लोक त्याच्याबद्दल बोलायला लागले. धुरपदाबाईंची भजी उमरग्यापर्यंत पुडीतनं जायला लागली. अणदूरचा एक शिक्षक तर दर शनिवारी काही काम नसताना जळकोटला येई, झाडाखाली उतरे, आधी पलीकडं जेवी, मग अलीकडं चहा घेई आणि परतीच्या मोटारीनं घरी जाई. अंबादासरावांनी त्याला कारणाशिवाय बसू नये ही पाटी दाखवली नाही. पाटी त्यांनी आधीच उतरवून ठेवली होती. विचारलं तर म्हणत की रंग द्यायचाय.

पण गर्दी वाढली तरी अंबादासरावांचं समाधान होईना. ज्याच्यासाठी चहा केला तो माणूस पीत नाही, हे त्यांना बोचत होतं. शेवटी त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. कागद घेतला आणि ड्रायव्हरच्या नावे दरखास्त लिहिली. मराठीतच लिहिली, पण थाट जुनाच. मेहरबान हिंमतराव यांचे सेवेशी, दरखास्त पेश करण्यात येते की, आमचे उपाहारगृहाकडून आजतागायत अठ्ठेचाळीस वेळा चहा हजर करण्यात आला, तो अठ्ठेचाळीसही वेळा नामंजूर झाला. सबब नामंजुरीची कारणं लेखी कळवण्याची तसदी घ्यावी. खाली सही, तारीख आणि सहीखाली दोन आडव्या रेघा. शामलाबाईंनी, कशाला हे, म्हणून विचारलं. त्यांनी कागद घडी करून तबकात कपाशेजारी ठेवला. हिंमतरावानं चहा परत केला आणि कागद घेतला.

हिंमतरावाला वाचता येत नव्हतं. त्यानं भोळेपणानं कागद शरणबसप्पाच्या हातात दिला. शरणबसप्पा कानडी मुलखातला, हौशी माणूस. मराठी तो कीर्तनकारासारखं वाचायचा. मोटार चालू झाल्यावर त्यानं मधे उभं राहून अख्खी दरखास्त खड्या आवाजात वाचली. अठ्ठेचाळीस वेळा नामंजूर, या ठिकाणी त्याला तीनदा थांबावं लागलं, इतके लोक हसत होते.

उमरग्याच्या स्टँडवर दरखास्तीची गोष्ट तोंडोतोंडी झाली होती; दुपारी मोटार परत आली तेव्हा उतारू उपाहारगृहात शिरले आणि पहिल्याच माणसानं विचारलं, आमच्या चहाची दरखास्त मंजूर आहे का. दुसऱ्यानं कप घेऊन, मंजूर, असं म्हटलं. तिसरा लेखी कारण मागू लागला. अंबादासरावांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, मोटार गेल्यावर बाकडी आत घेतली आणि दार लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शामलाबाईंनी समजावून पाहिलं. अंबादासराव महिन्यापूर्वीचं वर्तमानपत्र पुढं धरून बसले होते आणि बराच वेळ एकाच पानावर होते. जन्मभर लोकांनी दरखास्ती लिहून त्यांच्याकडं आणल्या होत्या; त्यातल्या एकालाही ते हसले नव्हते, असं ते एकदा पुटपुटले. ते खरंही होतं.

पहिल्या दिवशी धुरपदाबाईंना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळी मोटार त्यांच्याकडं आली. भाकऱ्या थापता थापता हात भरून आले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की माणसं जेवून हात धुतात आणि अलीकडं, बंद दाराकडं बघत उभी राहतात. त्यांनी चहा करून पाहिला. लोकांनी तो गुळवणी समजून भाकरीशी लावून खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळची मोटार गेल्यावर त्यांनी हात पुसले, पदर खोचला आणि चढ ओलांडून अंबादासरावांच्या दारात आल्या. आजवर त्या या बाजूला कधी आल्या नव्हत्या. निदान अंबादासरावांना तसं वाटत होतं.

शामलाबाईंनी दार उघडलं. अंबादासराव वर्तमानपत्रामागनं उठले, या म्हणाले. धुरपदाबाई उंबऱ्याच्या आत येऊन खाली बसल्या आणि सरळ विषयाला आल्या.

"अंबादासराव, दार उघडा. लोकं माझ्याकडं जेवत्यात, पन उठतानी चहा नसल्यानं तोंड कडू करून उठत्यात. मला तुमच्यावानी चहा जमत न्हाय."

अंबादासराव म्हणाले, लोक हसतात.

"तुमचा चहा अठ्ठेचाळीस बारी परत आला. माझी भजी किती बारी परत आली ती म्या मोजली न्हायती, येवढंच. आन तुमी लिवलं, म्या न्हाय लिवलं. मला लिवता येत असतं तर म्या बी लिवलं असतं."

अंबादासरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पलीकडंही रोज पान परत जातं, हे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. पण हातात तबक असताना त्यांना दुसऱ्याचा अपमान दिसला नव्हता. ते काही बोलणार एवढ्यात धुरपदाबाईंची नजर फडताळाकडं गेली आणि त्या अगदी सहज म्हणाल्या, की वैनी, माझा डबा रिकामा झाला असंल तर द्या, चटणी भरून देते.

फडताळात पितळेचा एक ठोक्याचा डबा होता. त्यातली चटणी अंबादासराव गेलं दीड वर्ष रोज दोन वेळा खात होते आणि शामलाच्या हातासारखी चटणी अख्ख्या मराठवाड्यात नाही, असं येईल त्याला सांगत होते. शामलाबाई चुलीकडं तोंड करून उभी राहिली. धुरपदाबाईंशी तिची विहिरीवरची मैत्री मोटार यायच्या कितीतरी आधीची होती. फक्त घरी सांगायची वेळ आली नव्हती. सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या माणसाला काय सांगायचं आणि कधी, हा प्रश्नच होता.

अंबादासराव डब्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला लसूण थोडा जास्त घाला."

दुपारच्या मोटारीला दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवल घडलं. मोटार चिंचेखाली थांबली आणि हिंमतराव खाली उतरला. उतारूंच्या मागनं तो उपाहारगृहाच्या पायरीपर्यंत आला, टोपी काढून उभा राहिला. त्यानं अंबादासरावांची माफी मागितली. कागदात काय आहे हे माहीत असतं तर तो शरणबसप्पाच्या हातात कधीच दिला नसता. मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून, त्यानं खरं ते सांगितलं. तीन वर्षं झाली, त्याच्या पोटात आग पडत होती. सोलापूरच्या डॉक्टरनं चहा, तेल, तिखट सगळं बंद केलं होतं. घरून आणलेला मऊ भात तेवढा तो खायचा. येवढ्या देहाचा, येवढ्या मिशांचा माणूस दूधभातावर आहे, हे चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून तो नुसते हात जोडायचा.

अंबादासरावांनी विचारलं, की मग मोटार दोघांच्या मधे का उभी करता.

हिंमतराव आणखी ओशाळला. मोटारीचा सेल्फ लागत नव्हता. बंद केली की हँडल मारून मारून खांदे निखळायचे. चढाच्या माथ्यावर उभी केली की जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, नुसतं ढकलून उतारावर चालू व्हायची. झाड तिथं होतं हे झाडाचं नशीब.

दोन महिन्यांचं दूध, आलं, वेलदोडा आणि घासलेल्या कपबशा अंबादासरावांच्या डोळ्यांपुढनं गेल्या असतील. ते हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्या चहाचा काही दोष नव्हता."

"दोष कसला, राव. वास असा येतो की जीव कासावीस होतो. म्हणून तर खाली उतरत न्हाय."

आतनं शामलाबाईंनी हे ऐकलं. मोटार गेल्यावर ती विहिरीवर न थांबता थेट छपरात गेली. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंनी ज्वारी भरडून कण्या काढल्या, मऊ शिजवल्या. शामलाबाईंनी सिद्रामप्पाच्या दुधाचं दही लावून गोडं, ताजं ताक घुसळलं. कण्या ताकात कालवल्या, मीठ बेताचं, जिऱ्याची नुसती चव. तिखट नाही, तेल नाही. वाटी कुणी न्यायची यावर थोडं बोलणं झालं. शेवटी अंबादासरावांनी तबक घेतलं, आणि रामकिसन पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागनं चालू लागला.

हिंमतरावानं सवयीनं हात जोडले, मग वाटीत काय आहे ते बघितलं. त्यानं वाटी घेतली. उतारू खाली उतरायचे थांबले. शरणबसप्पा तिकिटांची पेटी पोटाशी धरून बघत राहिला. हिंमतरावानं सावकाश, एकही कणी न ठेवता वाटी संपवली, पाणी प्याला आणि मिशा पुसल्या.

"मंजूर," तो म्हणाला.

त्या दिवशी मोटार उशिरा सुटली. उतारूंना ड्रायव्हरनं खाल्लं ते पाहिजे होतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत चिंचेखालचा माळ ओळखू येईना. आधी मल्लिकार्जुन नावाच्या एकानं पानाची टपरी टाकली, मग सायकलचं पंक्चर काढणारा आला, मग जळकोटच्याच एका न्हाव्यानं झाडाला आरसा टांगला. ताककण्यांची वाटी दोन्हीकडं मिळायची, पण कण्या नेहमी धुरपदाबाईंच्या आणि ताक नेहमी शामलाबाईंचं. म्हाताऱ्या लोकांना ती फार आवडे. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढल्या वर्षी नवी कोरी मोटार आली, बटण दाबलं की चालू होणारी. आता हिंमतराव कुठंही थांबू शकत होता. पहिल्या दिवशी पानवाला, न्हावी, पंक्चरवाला सगळे कामधंदा सोडून सडकेवर आले होते. हिंमतराव झाडाखालीच थांबला आणि लोक का जमलेत म्हणून विचारू लागला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मोटारीतनं एक ठेंगणी, ठसठशीत कुंकवाची बाई उतरली. मोटार पुरती थांबायच्या आतच उतरली. ती हिंमतरावाची बायको, लक्ष्मीबाई. हिंमतराव मान खाली घालून स्टिअरिंग पुसत बसला. पाच-सहा वर्षं तिनं पहाटे उठून भात शिजवला होता, आणि हल्ली डबा जसाच्या तसा परत येत होता. वर नवऱ्याचे गाल भरत चालले होते. सोलापुरात कुणीतरी तिला सांगितलं होतं, की जळकोटला दोन बायका आहेत. सांगणाऱ्यानं एवढंच सांगितलं होतं.

ती आधी छपराकडं गेली. धुरपदाबाईंच्या कपाळावरचा घाम, हाताला लागलेलं पीठ आणि शेजारी बसलेला रामकिसन बघून ती जरा थंडावली. धुरपदाबाईंनी तिला हाताला धरून अलीकडं उपाहारगृहात नेलं. तिथं शामलाबाई ताक घुसळत होती आणि अंबादासराव चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते. लक्ष्मीबाईचा उरलेला रागही गेला. तिच्यापुढं वाटी ठेवली. तिनं चव घेतली, दोन घास जास्तच घेतले आणि म्हणाली, की मीठ कमी आहे, आणि ताकात मेथीची चिमूट घातली तर पोटाला आणखी बरं. मग ती कशी घालायची ते दाखवायला ती पदर खोचून चुलीपुढंच बसली.

शरणबसप्पानं हाक दिली, हॉर्न वाजला. लक्ष्मीबाईनं आतनंच सांगून पाठवलं, की ती परतीच्या मोटारीनं येईल. हिंमतराव बायकोला मागं ठेवून उमरग्याला गेला. वाटेत उतारूंनी त्याला बरंच काही ऐकवलं. त्यानं फक्त गिअर बदलले.

दुपारी मोटार परत आली तेव्हा तिघी जणी चिंचेच्या सावलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. लक्ष्मीबाई हातवारे करून काहीतरी सांगत होती. मोटार थांबली तशी तिघींनी एकदम वर, हिंमतरावाकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काय सांगितलं होतं ते त्याला कधीच कळलं नाही. पण जळकोटला मोटार दहा मिनिटांच्या आत सुटलेली लोकांनी पाहिली ती त्याच दिवशी.